करवंदाची जेली आणि प्रमुख पाहुणी

एका जंगलात, बाळांनो, त्या दिवशी असं ऊन पडलं होतं की पाखरंसुद्धा सावलीतून सावलीत उडत होती. वारा कुठल्याशा ढोलीत जाऊन निजला होता. आभाळात एकच ढग होता, आणि तोही रिकाम्या हाताने आलेल्या पाहुण्यासारखा कडेकडेने चालला होता.

अशा उन्हात केरबा अस्वल चुलीपाशी बसून करवंदाची जेली ढवळत होता.

केरबा म्हातारा होता. त्याचं चालणं हळू, बोलणं हळू, आणि समजणं त्याहून हळू. पण एकदा समजलं की ते डोक्यातून निघायचं नाही. जेलीचंही तसंच असतं म्हणा. निम्मी करवंदं पिकलेली घ्यायची, निम्मी कच्ची. पिकलेली गोडी देतात, कच्ची आंबटपणा आणि चिकटाई. शिजवायची, फडक्यात बांधून टांगायची, आणि रस आपल्या मनाने ठिबकू द्यायचा. घाई करून फडकं पिळलं की जेली गढूळ झालीच. मग मध घालून आटवायचं. पळीच्या काठावरून दोन थेंब वेगवेगळे पडले, तर अजून वेळ आहे. दोघं एकमेकांना धरून पडले, की जेली झाली.

केरबा दर खेपेची पहिली वाटी शेजारी धाडायचा. शेजारी चंद्राक्का रानडुकरीण राहायची. जंगलात तिच्यासारखं नाक कुणाचं नव्हतं, आणि तिच्यासारखं तोंडही कुणाचं नव्हतं. वाटी चाटूनपुसून ती म्हणायची, “चांगली झालीय. पण...” त्या ‘पण’साठीच केरबा थांबलेला असायचा. वाटी मात्र कधी रिकामी परत यायची नाही. तीत कधी दोन कंद, कधी मूठभर जांभळं. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा त्या जंगलाचा रिवाजच होता.

तर त्या उन्हात कोल्हा आला. तो शहराकडच्या एका हॉटेलाच्या उकिरड्यामागे सहा महिने राहून, शिकून आला होता. तेव्हापासून वाघमहाराजांनी शिकार सोडली होती. शिकार म्हणे गावंढळ दिसते.

“केरबा, परवा संध्याकाळी महाराजांची पार्टी आहे,” कोल्हा म्हणाला. “कॉकटेल सॉसेज करायचंय. बोटाएवढे तुकडे, काडीला टोचलेले. त्याच्या जोडीला गोड-आंबट जेलीचा सॉस. तो तू कर.”

“बरं. पंगत किती जणांची?”

“पंगत नाही रे. उभ्या उभ्या तोंडात टाकायचं असतं.”

“का? बसायला जागा नाही?”

“जागा आहे. पण बसायचं नाही.”

केरबाने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, “आणि ते सॉसेज असतं कशाचं?”

“ते माझ्याकडे लागलं. तू फक्त सॉस झाला की हाक मार. आधी सॉस, मग सॉसेज. ह्या उन्हात माल टिकत नाही.” असं म्हणून कोल्हा लगबगीने गेला.

दुसऱ्या दिवशी चंद्राक्का वाटी परत द्यायला आली ती कानामागे फूल खोचूनच.

“भाऊ, ऐकलंत का? उद्याच्या पार्टीला मी प्रमुख पाहुणी! कोल्हा स्वतः पळसाच्या पानावरचं आमंत्रण देऊन गेला. माझ्या कमरेचं मापसुद्धा घेऊन गेला.”

“माप कशाला?”

“हार घालायचा नाही का? अंघोळ करून या म्हणाला. आणि दुपारीच या म्हणाला, स्वयंपाकाच्या आधी.”

ती गेली. केरबा ढवळत राहिला. पार्टी संध्याकाळी. आक्का दुपारी. सॉसेज मधल्या वेळात. हे तिन्ही थेंब पळीच्या काठावर बराच वेळ वेगवेगळे लटकत राहिले. मग एकमेकांना धरून एकदमच पडले.

केरबाने आयुष्यात पहिल्यांदा कढई चुलीवर तशीच सोडली आणि तो आक्काकडे पळाला. म्हणजे त्याच्या मानाने पळाला.

“आक्का, जाऊ नका! ते सॉसेज म्हणजे तुम्हीच!”

चंद्राक्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“अस्सं! इतकी वर्षं तुमच्या वाट्या चाटल्या, तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, आणि आज मला मान मिळाला तर तुमच्या पोटात दुखलं?”

“मान नाही हो, मान कापतील.”

“तुम्ही कढईतलं बघा, भाऊ. करपल्याचा वास येतोय.”

वास खरंच येत होता. तिच्या नाकापुढे केरबाचं काही चालेना. तो परत गेला आणि त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून टांगलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी महाराजांच्या गुहेमागे चूल पेटली. चंद्राक्का अंघोळ करून, नटून एका शिळेवर बसली. कोल्हा दुसऱ्या शिळेवर सुरीला धार लावत होता.

“केरबा, झाला का सॉस?”

“अजून नाही.”

केरबाच्या पळीवरून थेंब केव्हाचे एकमेकांना धरून पडत होते. त्याने कढईत गार पाणी ओतलं. थेंब पुन्हा वेगळे झाले.

“झाला का?”

“अजून नाही.”

असं चार वेळा झालं. पण पाणी तरी किती ओतणार? ऊन कललं. पुढच्या अंगणात पाहुणे येऊन उभे राहिले. त्यांना बसायचं नसतं हे सांगायला कोल्हा तिकडे धावला, आणि जाताना ओरडला, “आलोच मी. आता झाला नसला तरी झाला म्हण!”

केरबाने पळी खाली ठेवली. त्याने एक वाटी भरून आक्कापुढे केली, म्हटलं निदान जाताना तरी तिने चव घ्यावी.

चंद्राक्काने वाटी चाटली. “चांगला झालाय. पण नाकात काही जात नाही. मोहरी फेसून घाला.”

मग तिने रिवाजाप्रमाणे आपलं गाठोडं सोडलं. पाहुणी म्हणून रिकाम्या हाताने कसं यायचं? तिने टोपलीभर कणगरं उकडून आणली होती. कणगरं म्हणजे आपले ते रानातले गोड कंद. तिने ती वाटीत ठेवून वाटी परत केली.

केरबाने वाटीत पाहिलं. कणगरं बोटाएवढी होती.

बाळांनो, ह्या खेपेला त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने गाठोडंच्या गाठोडं विस्तवावर रिकामं केलं. साली तपकिरी झाल्या, फुगल्या. करवंदीच्या जाळीला काट्यांची काय कमी! एकेक कणगर काट्याला टोचलं. मग त्याने सॉसमध्ये मोहरी फेसून घातली. आक्काने सांगितली होती त्याच्या तिप्पट घातली. आणि परात घेऊन तो थेट महाराजांपुढे गेला.

महाराजांनी एक तुकडा तोंडात टाकला. आधी गोड लागलं. मग आंबट. मग मोहरी नाकात चढली, महाराजांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि चव कळण्याची वेळ निघून गेली.

“वा!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “डुक्कर असावं तर असं! इतकं मऊ डुक्कर मी जन्मात खाल्लं नव्हतं!”

सगळ्या पाहुण्यांनी डोळे पुसत माना हलवल्या. तरसाने तर शपथेवर सांगितलं की डुक्कर कोवळं आहे.

कोल्हा एव्हाना मागे गेला होता. चंद्राक्का शिळेवर जशीच्या तशी बसलेली पाहून तो सुरी घेऊनच धावत आला. त्याने परात हुंगली. “महाराज, हे...” तो म्हणाला.

तेवढ्यात महाराजांनी त्याच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि म्हणाले, “कोल्होबा, शहरात जाऊन तू जंगलाचं नाव काढलंस. हां, काय म्हणत होतास?”

कोल्ह्याने शालीवरून पंजा फिरवला. शाल मऊ होती.

“हे... गरम असतानाच खावं, महाराज,” तो म्हणाला.

केरबाला कुणी काही विचारलं नाही. तो कढई घासत बसला. अंगावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटत होतं. मागच्या शिळेवर चंद्राक्का मात्र अंधार पडेपर्यंत हाराची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी केरबाने नेहमीसारखी जेलीची वाटी शेजारी धाडली, पण चार दिवस ती परत आली नाही. पाचव्या दिवशी चंद्राक्का स्वतः आली. तिने वाटी केरबाच्या दारात आपटली. जंगलात पहिल्यांदाच एक वाटी रिकामी परत आली होती.

तात्पर्य : ते सांगण्याचा मान प्रमुख पाहुणीचा. चंद्राक्का म्हणाली, “एक सांगते भाऊ, राग मानू नका. दुसऱ्याचा मान हिरावून घेऊन कुणाचं भलं होत नसतं. आणि मला मागे शिळेवरसुद्धा वास आला, मोहरी जरा जास्तच झाली होती.”