श्यामरावांचं प्रेशर आणि चंद्रकांताबाईंची वही

माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, असं श्यामरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी धान खरेदी केंद्रावर तीस वर्षं ग्रेडर म्हणून काढून कमावलं होतं. पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसायची, मूठभर धान बाहेर काढायचं, ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकायचं आणि आकडा सतराच्या वर गेला की समोर सख्खा साळा उभा असला तरी सांगायचं, "वाळवून आणा." त्यांनी एकदाही परत पाठवला नाही असा शेतकरी मोहाडी तालुक्यात शोधून सापडला नसता.

त्यामुळे भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून त्यांना स्वतःलाच दोनदा परत पाठवलं, तेव्हा गावात बऱ्याच लोकांना जेवण गोड लागलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण टेबलावर घ्यायच्या आधी बीपी मोजलं की ते एकशे ऐंशी भरायचं. दुसऱ्या वेळी तर नर्स सरळ म्हणाली, "काका, कमी करून आणा." हे ऐकून चंद्रकांताबाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी पदर तोंडावर धरला.

तसं हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. श्यामरावांना आता समोरचं काही दिसत नव्हतं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या म्हशीला ते "या, बसा" म्हणाले होते. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाळीवरून चालताना टाकलेला पाय सरळ पाण्यात गेला होता. पेपर, लग्नपत्रिका, फोनवरचे मेसेज, सगळं चंद्रकांताबाईंनी वाचून दाखवायचं आणि वर प्रत्येकावरचं त्यांचं भाषणही ऐकायचं. ऑपरेशनची घाई श्यामरावांपेक्षा बाईंनाच जास्त होती.

डॉक्टरीण बाईंनी शेवटी मार्ग काढला. "गोळी रोज घ्या. पंधरा दिवस घरी बीपी मोजा आणि वहीत लिहून आणा. दीडशेच्या खाली राहिलं तर ऑपरेशन करू. वाढलेल्या बीपीत मी डोळ्याला हात लावणार नाही. आत रक्त उतरलं तर आहे ती नजरही जाईल. आणि काकू, यांना टेन्शन देऊ नका."

पुण्याच्या पिंटूने, म्हणजे त्यांच्या मुलाने, चार दिवसांत कुरिअरने मशीन पाठवली. श्यामराव खुश झाले. मशीन म्हणजे त्यांच्या जातीची वस्तू. पहिल्या सकाळी ते खाटेवर एका पायावर दुसरा पाय टाकून बसले. चंद्रकांताबाईंनी पूर्ण बाहीच्या सदऱ्यावरूनच पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगत होता आणि श्यामराव हातवारे करत कुण्या एका व्यापाऱ्याने वरच्या थराला कोरडं आणि खाली ओलं धान भरून आणलं होतं त्याची गोष्ट सांगत होते. मशीनने टूं केलं.

"किती आला?"

एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे दोन. बाईंनी दोनदा वाचलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मान पुढे, ओठ किंचित उघडे. परखी पोत्यात शिरली की पोत्याचा मालक असाच उभा राहायचा.

"एकशे अठ्ठावीस," बाई म्हणाल्या. "खाली ब्याऐंशी."

त्यांचा हिशेब साधा होता. खरं सांगावं तर टेन्शन येणार, टेन्शन आलं की आकडा वाढणार. मग आजच्या दिवस राहू द्यावं. उद्या गोळी लागू पडेल आणि आकडा आपोआप खाली येईल.

दुसऱ्या दिवशी एकशे ब्याऐंशी आला.

तोवर श्यामरावांना वेगळीच शंका आली होती. "पिंटूची माय, एका नमुन्यावर मी कधी पोतं पास केलं नाही. तीन नमुने घ्याचे अन् सरासरी काढाची." झालं. डावा हात, उजवा हात आणि पुन्हा डावा. रोज सकाळी बाईंना तीन आकडे मनाने रचावे लागू लागले. खोटं बोलणं त्यांना फारसं जड गेलं नाही, पण खोट्याची सरासरी काढताना त्या सातवी पास बाईच्या नाकी नऊ आले. बोटांची कांडी मोजत त्या चुलीपाशी उभ्या राहायच्या आणि इकडे भाजी करपायची.

पाचव्या दिवशी प्रकरण अंगाशी आलं.

"एकशे अठ्ठावीसवाल्याले गोळी कायले पाहिजे?" श्यामराव म्हणाले. "ते राहू दे. अन् आंब्याचं लोणचं काढ."

बाईंनीच सांगितलेल्या आकड्यावर हा माणूस औषध सोडून लोणचं खायला निघाला होता. दुपारी त्यांनी बीपीच्या गोळ्या काढून एका रिकाम्या डबीत भरल्या आणि संध्याकाळी ती डबी त्यांच्यापुढे धरली. "हे डोळ्याची गोळी हाय. पिंटूनं पाठवली." डोळ्याची म्हटल्यावर श्यामरावांनी ती प्रसादासारखी कपाळाला लावून घेतली. लोणच्याला बुरशी आल्याचं जाहीर झालं आणि बरणी शेजारच्या बेबीबाईकडे रवाना झाली. आता तीन खोटी झाली होती आणि तिन्ही सांभाळायची होती.

सातव्या दिवशी सकाळी बाई मागे धुणं धूत होत्या. तेवढ्यात बेबीबाईचा नवरा तुलाराम सहज येऊन बसला आणि श्यामरावांनी सहजच त्याच्या हाती मशीन दिली. मशीनची टूं ऐकून बाई ओल्या हातांनी धावत आल्या. श्यामरावांच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी तुलारामपुढे हात जोडले.

"एकशे..." तुलाराम म्हणाला आणि थांबला. मशीनवर एकशे चौऱ्याहत्तर होते.

"एकशे किती? वाचता येत नाही का तुले?"

"येते ना. एकशे चोवीस."

मग तो उठून अंगणात आला. "वहिनी, हे काय भानगड हाय?"

बाईंनी सगळं सांगितलं. "माह्या धानाचा ओलावा साडेसतरा होता, तवा यानं अर्धा टक्का सोडला नाही," तुलाराम म्हणाला. "अन् मी याले एका झटक्यात पन्नास सोडले."

गुपित तुलारामला कळलं म्हणजे बेबीबाईला कळलं, आणि बेबीबाईला कळल्यावर गल्लीला वेगळं सांगायची गरज उरली नाही. श्यामराव तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बीपी वाचायला लावू लागले. बायको एकटी वाचते, साक्षीदार असलेले बरे, असं त्यांचं म्हणणं. गल्लीनेही हात आखडता घेतला नाही. कुणी एकशे सव्वीस दिले, कुणी एकशे बावीस. बेबीबाईला आकडे ओळखता येत नव्हते, पण तिने न अडखळता एकशे वीस वाचले. समोरच्या सत्यभामाबाईंनी तर सरळ शंभर देऊन टाकले.

"शंभर म्हणजे फारच कमी नाही का?" श्यामराव दचकून म्हणाले.

"थांबा जी, पुढं अजून काही हाय," सत्यभामाबाईंनी सावरून घेतलं. "वीस. एकशे वीस."

सगळे आकडे वहीत गेले. पंधरा दिवसांनी ती वही पाहिली असती तर कुणालाही वाटलं असतं की हा गडी पंचविशीतला आहे आणि पोलीस भरतीला निघाला आहे.

भंडाऱ्याला जाताना एसटीत श्यामराव वही मांडीवर घेऊन ऐटीत बसले होते. चंद्रकांताबाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. दवाखान्यात पुन्हा मोजतील, आकडा वाढलेला निघेल, परत पाठवतील आणि सगळं जिथल्या तिथे राहील, एवढीच त्यांची अटकळ होती. परत पाठवलं तर निदान डोळ्याला तरी धोका नव्हता.

आत गेल्याबरोबर श्यामरावांनी डॉक्टरीण बाईंना आपल्या तब्येतीची हकिकत सांगायला सुरुवात केली. ते बोलत असतानाच नर्सने पट्टा बांधला. एकशे बहात्तर. श्यामरावांचं तोंड उतरलं.

डॉक्टरीण बाईंनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा. काकू, किती व्यवस्थित लिहिलंय तुम्ही. रोज तीन वेळा, सरासरीसकट. काही लोकांचं दवाखान्यात आलं की घाबरून वाढतं, घरी नॉर्मल असतं. अशा वेळी आम्ही घरच्या नोंदी धरतो. काका, काळजी करू नका. परवा ऑपरेशन करून टाकू."

"मी तं पह्यलेच सांगतलं होतं," श्यामराव म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही."

ज्यासाठी दोन वर्षं चंद्रकांताबाईंचा जीव टांगणीला लागला होता ते ऑपरेशन परवावर आलं होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि पंधरा दिवसांत गप्प बसण्याहून कितीतरी अवघड कामं त्यांनी पार पाडली होती. पण 'आत रक्त उतरलं तर' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. तो डोळा गेला असता तर तो बाईंच्या हस्ताक्षरात गेला असता.

"बाई," त्या म्हणाल्या, "वही खोटी हाय."

"म्हणजे?"

"आकडे मी मनानं लिवले. काही तुलारामभाऊनं सांगतले. एक बेबीबाईचा हाय, तिले तं वाचताच येत नाही."

श्यामरावांचं तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर आलं नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि असं पहिल्यांदाच घडत होतं. डॉक्टरीण बाईंनी चंद्रकांताबाईंच्या पिशवीतली मशीन काढून आतले साठलेले आकडे एकेक करून पाहिले. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे ब्याऐंशी, एकशे चौऱ्याहत्तर. मग त्यांनी विचारलं, "मोजता कसं तुम्ही?"

बाईंनी आता काहीच लपवायचं नाही असं ठरवलं होतं. सदऱ्यावरून पट्टा, पायावर पाय, हातवारे आणि ओल्या धानाची गोष्ट, सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीण बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे वही खोटी, आणि मशीनमधलंही काही खरं धरता येत नाही. काका, आधी लघवीला जाऊन या. मग इथे पाठ टेकून बसा. दोन्ही पाय जमिनीवर, बाही वर, हात टेबलावर. आणि पाच मिनिटं बोलायचं नाही."

हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. श्यामराव भिंतीकडे पाहत बसले होते आणि ते बोलतील असं दिसत नव्हतं. पाच मिनिटांनी पट्टा फुगला. एकशे बेचाळीस, खाली शहाऐंशी. पुन्हा मोजलं, एकशे चाळीस.

"गोळी चालू आहे ना?"

"डोळ्याची म्हणून देऊन राहिली," बाई म्हणाल्या. श्यामरावांनी मान आणखी दोन इंच भिंतीकडे वळवली.

"ठीक आहे. अकरा दिवसांनी ऑपरेशन. तोवर रोज असंच मोजा. आणि मोजताना अगदी गप्प."

श्यामराव मोजतानाच नव्हे, एरवीही गप्प राहिले. अकरा दिवस ते बायकोशी धड एक वाक्य बोलले नाहीत. चहा हवा असला की कप वाजवायचे. आकडे मात्र खरोखरच एकशे चाळीसच्या आसपास येत होते, आणि बाई ते जसेच्या तसे लिहीत होत्या. चौथ्या दिवशी श्यामरावांचा राग निवळायला लागला. जेवताना ते "भाजी..." एवढं म्हणाले. तोंड सुटलं तर आकडाही सुटेल. बाईंनी घाईघाईने आठवण करून दिली, "तुलारामभाऊले मीच हात जोडले होते जी." ओठ पुन्हा मिटले. दुसऱ्या सकाळी एकशे छत्तीस भरले. मग राग विझत आला की बाई रोज त्यात थोडं सरपण टाकायच्या.

घरात इतकी शांतता त्यांनी कधी अनुभवली नव्हती. पेपर त्यांनी मनातल्या मनात वाचला. दुपारी सलग दोन तास झोपल्या. एका दिवशी तर त्यांना स्वतःच्याच मनात एक अख्खा विचार सुरू होऊन संपल्याचं लक्षात आलं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन निर्विघ्न झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. श्यामरावांनी लाल झालेला डोळा उघडून बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

"तुहे केस पांढरे झाले," ते म्हणाले.

"दोन वर्स झाले जी."

"एक खरं सांग. अकरा दिवस मी बोललो नाही. तुले कसं वाटलं?"

चंद्रकांताबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरं उत्तर जिभेवरच होतं. पण डॉक्टरीण बाई आत्ताच बजावून गेल्या होत्या की आठ दिवस यांच्या मनाला त्रास होईल असं काही करू नका. आणि तो नवा डोळा मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहत होता.

"करमलं नाही जी," त्या म्हणाल्या. "घर खायले उठत होतं."

"मले माहीत होतं," श्यामराव म्हणाले आणि समाधानाने उठले.

एसटी भंडाऱ्याच्या स्टँडवरून निघाली तसं त्यांनी, गप्प राहिलेल्या दिवसांत आपल्याला काय काय बोलायचं होतं, ते पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं. वाटेत वरठी आली तेव्हा ते तिसऱ्या दिवसावर होते, आणि मोहाडी अजून बरीच लांब होती.