डोक्याची सुकडी

हमीद मास्तरांच्या पिशवीत मी कधी भाजी पाहिली नाही. पिशवी भाजीचीच, खाकी, तळाला ठिगळ लावलेली. पण आत काय, तर किल्ली हरवलेली कुलपं, मुकी झालेली सायकलची घंटी, बंद पडलेलं गजराचं घड्याळ. दर रविवारी औरंगाबादच्या जुन्या बाजारात जायचं आणि चांगलं सोडून बिघडलेलं तेवढं निवडून आणायचं, हा त्यांचा नेम. सोमवारी सकाळी मुकुंदवाडीहून एसटीत बसले की करमाड येईपर्यंत मांडीवरच्या पिशवीचा खडखडाट चालू. लोकांना वाटायचं, हा किल्ल्या करणारा आहे. एकदा एका म्हाताऱ्यानं आपल्या ट्रंकेचं कुलूपच त्यांच्या हातात दिलं. मास्तर नाही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात चौथीतलं कोण हाय?"

आम्ही दोघं करमाडच्या एकाच शाळेत होतो. मी दुसरीला, ते चौथीला. मी तोंडाची फटकळ. खोटं बोलणं जमत नाही आणि खरं गिळता येत नाही, त्यापायी दोन बदल्या ओढवून घेतलेल्या. मास्तरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की तुमच्या डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे. ते हसून म्हणाले, "असू द्या बाई. पोरं घट्ट करतील."

त्या वेळी शाळेत सुकडी यायची, पोरांच्या पोटाला आधार म्हणून. ती वाटताना मास्तर दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "पोटाची आली. डोक्याची कधी येणार, बाई?" त्यांचं म्हणणं असं, की कच्च्या पोराकडं सगळ्यांचं लक्ष असतं. हुशार पोरगं मात्र पंधरा मिनिटांत गणितं संपवतं आणि उरलेला दिवस जांभया देत काढतं. त्याची भूक दुप्पट असते आणि त्याच्या ताटात कुणी काही वाढत नाही. म्हणून शाळा भरायच्या आधी तासभर लिंबाखाली अशी चार-पाच पोरं बसवून ते त्यांना पिशवीतलं एकेक उघडायला द्यायचे. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, मास्तर, हुशार पोरं आपलं आपण शिकतात, त्यांच्यावर कशाला वेळ घालवता? मास्तरांनी शांतपणे विचारलं, "साहेब, गाय दूध देती म्हणून तिला चारा टाकायचा नाय का?" साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाचलंय. इथं सांगत नाही.

मग त्यांच्या मनात आलं, की घरच्यांनीही हातभार लावला पाहिजे. पालकांसाठी त्यांनी एक कागद तयार केला. पोरगं काही विचारील तर रोज एका तरी प्रश्नाचं उत्तर द्या. येत नसेल तर येत नाही म्हणा, पण खेकसू नका. बाजारात न्याल तेव्हा तराजू त्याच्या हाती द्या. घरात काही बिघडलं तर आधी त्याला उघडू द्या. अशी आठ कामं, वळणदार अक्षरात, मराठीतून आणि उर्दूतूनही. रात्रीचा दिवस करून बत्तीस प्रती हातानं लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस कागद परत आले. प्रत्येकाखाली बापाची सही, नाहीतर अंगठा. शाळेतून कागद आला म्हणजे सही करून परत धाडायचा, एवढंच लोकांना ठाऊक. मी पोट धरून हसले. मास्तर तो गठ्ठा हातात धरून बसून राहिले.

त्या वर्षी चौथीत सुरेखा होती. वडील शेतकरी, घरात तिच्या पाठच्या तीन बहिणी. एक दिवस तिनं विचारलं, दुपारी सावली एवढी आखूड होते, मग पार नाहीशी का होत नाही? मास्तर तो प्रश्न घेऊन माझ्या वर्गात धावत आले. चाळिशीचा माणूस, डोळ्यांत पाणी. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा तिचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. एक गजराचं घड्याळ देऊन सांगितलं, "घरी ने, खोल, आणि का बंद पडलं ते मला सांग."

आठ दिवस झाले तरी पोरगी काही बोलेना, म्हणून आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. घड्याळ देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. आई कौतुकानं म्हणाली, मास्तरांच्या हातची वस्तू, पोरींना हात लावू देत नाय मी. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग तासभर बसून तिला समजावलं, की ही पोरगी साधी नाही, हिच्यासारखं डोकं साऱ्या गावात नाही, हिला जपा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि व्हय मास्तर, व्हय मास्तर म्हणत चहा दिला.

परीक्षेला आठवडा राहिला आणि सुरेखा शाळेत यायची बंद झाली. पुन्हा घरी गेलो, तर देव्हाऱ्यात घड्याळ नाही आणि घरात पोरगीही नाही. सोयगावला मामी बाळंत झाली होती, तिचा ताप उतरत नव्हता, तान्ह्याला बघायला कुणी नव्हतं. सुरेखाला तिकडं धाडलं होतं. माझा पारा चढला. मी म्हणाले, अहो, चार पोरी आहेत, हीच सापडली का? आई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती मास्तरांना म्हणाली, "तुमीच म्हनलं व्हतं ना, हिच्यावानी डोकं गावात नाय? मंग औषधं वाचून वेळेवर द्यायला दुसरं कोन धाडू?"

परीक्षा रविवारी. मास्तर शनिवारी पहाटेच्या गाडीनं सोयगावला गेले, पोरीला घेऊनच येतो म्हणून. सोमवारी शाळेत आले नाहीत, मंगळवारीही नाहीत. चांगलं झापायचं ठरवून मी मुकुंदवाडीत त्यांच्या घरी गेले.

मास्तर ओट्यावरच बसले होते. सुरेखा आली का विचारलं, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग हळूहळू बोलले. मामी अंथरुणावर, आणि पोरगी मांडीवर तान्हं घेऊन वाटीनं दूध पाजत होती. शेजारी ते घड्याळ टिकटिक करत चाललेलं. औषधाची वेळ चुकू नये म्हणून तिनं ते खोललं होतं आणि चालू केलं होतं.

"मग आणायची ना ओढून!" मी म्हणाले.

"त्या बाळाकडं बघितलं अन् तोंडातून शब्द निघंना, बाई," मास्तर म्हणाले. "तिथं मीच निजलो होतो."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा, अठ्ठेचाळीसचा. आई बाळंतपणात गेली. थोरली बहीण, त्यांची आपा, तेव्हा चौथीत, वर्गात पहिली येणारी. तान्ह्या हमीदसाठी तिला शाळेतून काढलं ते कायमचं. तिचं लग्नही राहूनच गेलं. पिशवीतलं एकही कुलूप मास्तरांना स्वतःला उघडता येत नव्हतं. बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू आपा दुरुस्त करायच्या आणि मग एकच गोष्ट बिघडवून ठेवायच्या, चौथीतल्या पोराला शोधता येईल एवढीच.

"रोज संध्याकाळी विचारती, आज घरी कोन खोल्या रे, कुणी खोललं?" मास्तर म्हणाले. "शाळेत खोलतात, पण घरी नेलं की कुणी हात लावू देत नाय. कुणाच्या पेटीत, कुणाच्या देव्हाऱ्यात. इतकी वर्षं मी सांगत आलो, खोल्या, आपा. ह्या येळला खरंच खोललंय."

तेवढ्यात आतून हाक आली. मी आत गेले. दोऱ्यानं बांधलेला चष्मा, समोर पसरलेले पेचकस आणि स्प्रिंगा. आपांनी मला बसायला पाट सरकवला. हमीदनं त्यांना सगळं सांगितलं होतं म्हणे, पोरीनं घड्याळ चालू केलं आणि रविवारी पेपरही छान लिहिला. मी मास्तरांकडं पाहिलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"बाई," आपांनी विचारलं, "छोकरी पास होएगी ना?"

मी म्हणाले, "होईल, आपा. पहिली येईल."

आपांनी मान डोलावली आणि पुढचं कुलूप खोलायला घेतलं.