प्रश्न मूळ प्रतीत जमा करावा

अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या मुलींच्या सरकारी अनुदानासाठी अर्जासोबत डोक्यातला एक प्रश्न मूळ प्रतीत जमा करावा लागतो, आणि जमा केला की तो डोक्यात राहत नाही. भटक्या-विमुक्तांच्या मुलींना फी पूर्ण माफ आहे, प्रश्नात मात्र सवलत नाही.

यमुना धोत्रे वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, तालुक्याच्या कचेरीत आली तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता. वडारवस्तीतून दहावीच्या पुढे निघालेली ती पहिलीच. अनुदान नाही तर कॉलेज नाही. आणि प्रश्न तर पोरीकडे एकुलता एक: फुटायच्या आधी दगडाचा आवाज का बदलतो?

"झेरॉक्स चालंल का, बाई?" आप्पांनी विचारलं. जातीच्या दाखल्याच्या त्यांनी चार काढून आणल्या होत्या.

"मूळच लागतो," अर्ज घेणाऱ्या भोकरे बाई म्हणाल्या. "आधी झेरॉक्स घ्यायचो. पण मुली मूळ प्रश्न घरी ठेवायच्या आणि वर्गात विचारत बसायच्या."

"मग मी शिकू कशासाठी?" यमुना म्हणाली.

"अगं, त्यासाठीच तर अनुदान आहे." बाई मनाने वाईट नव्हत्या हो. "पदवी झाली की अर्ज कर. परत मिळतो."

"तुमचा मिळाला?"

बाईंनी लोखंडी कपाटाकडे पाहिलं. "तिसऱ्या कप्प्यात आहे. काय होता ते आठवत नाही. म्हणून तर मी इथून बदली घेत नाही."

यमुनाला रडूच कोसळलं. रडत रडतच तिने प्रश्न सांगितला. बाईंनी तो लिहून घेतला, शिक्का मारला, आणि यमुनाचं रडणं थांबलं. कशासाठी रडत होतो तेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती खाणीवर आप्पांची भाकरी घेऊन गेली. आप्पांना पोरीचा कोरा चेहरा बघवेना. त्यांनी भाकरी बाजूला ठेवली आणि घण उचलला.

"बस इथं. ऐक."

पाच घाव एकसारखे वाजले. सहावा वेगळा वाजला, आणि सातव्याला दगड उकलला.

यमुना उठून उभी राहिली. "आप्पा, आवाज का बदलला ओ?"

आप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

तिच्या दप्तरात कचेरीची पावती होती. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं: प्रश्न पुन्हा आढळल्यास आठ दिवसांत कार्यालयास कळवावे. आप्पांना वाचता येत नव्हतं. यमुनाला येत होतं. तिने ती नीट वाचली आणि घडी घालून दगडाखाली ठेवली.

"आप्पा," ती म्हणाली, "परत मारा."