ठिपक्यांचं सुस्वागतम्

लावा पैज! शेवट काय होतो ते आत्ताच सांगा. नाही जमलं तर मुकाट ऐकायचं.

एक होता कारकून. त्याच्या ऑफिसात अपंगांच्या हक्कांची सभा भरणार होती, सहा देशांचे पाहुणे येणार होते. "सगळं नीट पार पाड, हेडक्लार्कची खुर्ची तुझी," असं साहेब बोलून बसले, तेव्हापासून गडी हवेत. आदल्या दिवशी साहेबांना आठवलं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्वागताची कार्डं ब्रेलमध्ये हवीत. छापखाना म्हणाला, आठ दिवस लागतील.

"घरचा माणूस आहे, साहेब!" कारकून बोलून गेला.

घरचा माणूस म्हणजे सासरा. डोळ्यांनी दिसत नाही, पण खोड्या अशा की डोळसांनी शिकवणी लावावी. म्हाताऱ्यानं ठिपके उठवायची पाटी आणि टोच्या काढला.

"लिहितो. पण सभेला मीपण येणार."

"तुम्ही कशाला? पायऱ्या, गर्दी... उगाच अडगळ व्हायची."

"अडगळ? माझे बाबा?" आतून बायको कडाडली.

"असू दे गं," म्हातारा गालात हसला. "बोला, काय लिहू?"

"फक्त सुस्वागतम्."

टकटक, टकटक. कार्ड काठोकाठ भरलं. कारकुनानं बोट फिरवून पाहिलं (कळलं काहीच नाही).

"एवढं लांब?"

"ठिपक्यांना जागा लागते, जावईबापू."

सभेत शेजारच्या देशाच्या एक बाई होत्या. त्यांना दिसत नव्हतं, आपली भाषाही येत नव्हती. कार्डात काही चुकलं तरी यांना काय कळणार, म्हणून कारकून निर्धास्त. तेवढ्यात कार्ड हातात घेऊन बाईंनी माइक ओढला. दुभाष्या सांगू लागला, "बाई म्हणतात, शेजारच्या देशांनी एकत्र बसून ठिपके सारखे ठरवलेत. तुमचा 'क' तोच आमचा 'क'. अर्थ कळला नाही तरी तुमचं स्वागत तुमच्याच भाषेत वाचते!"

टाळ्या! सगळ्यात मोठी कारकुनाची.

बाईंचं बोट सरकू लागलं. "जा-व-ई म्ह-ण-तो, आं-ध-ळ्या-नं घ-री ब-सा-वं. स-भे-त अ-ड-ग-ळ हो-ते."

साहेबांचा पाण्याचा ग्लास ओठाशीच थांबला. कारकुनाच्या पायाखालची फरशीच सरकली. दुभाष्यानं घाबरत घाबरत अर्थ सांगितला, तसा सहा देशांनी एकदम आ वासला.

"अगं बाई! आणि हा जावई कोण?" बाईंनी विचारलं.

जावई फलकाच्या मागे शिरला होता. फलकावर लिहिलं होतं, 'सर्वांना सोबत घेऊ'.

साहेबांनी सासऱ्याला आणायला गाडी पाठवली. म्हातारा पायऱ्या मोजत टकाटका वर आला. स्वागताला धावलेला जावईच तिसऱ्या पायरीवर उताणा पडला.

"कोण पडलं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "गर्दीत अडगळ होते बघा."

हेडक्लार्कची खुर्ची गेली ती गेलीच, वर साहेबांचा हुकूम, सासऱ्याकडून ब्रेल शीक. पहिल्या धड्याला म्हाताऱ्यानं एक काठोकाठ भरलेली ओळ दिली, शंभर वेळा उतरवायला. रविवार गेला, बोटं सुजून टम्म झाली.

"बाबा, मी लिहिलं तरी काय?"

म्हाताऱ्यानं कागदावरून सावकाश बोट फिरवलं.

"सुस्वागतम्."