मौनातलं मीठ

"माणूस तुम्ही शोधायचा, शिकवायचं तुम्ही, आणि शिकवताना मध्ये मराठीचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. परीक्षेला त्या माणसाला घेऊन या. तो चिनी बोलला, तर तुम्ही पास."

आगाशे सरांचा हा आवाज पुण्याहून भोरपर्यंत एसटीत शैलजाच्या कानाशी होता. विद्यापीठात चिनी शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची पुस्तकं संपली होती आणि 'स्वतंत्र प्रकल्प' नावाचं प्रकरण तेवढं उरलं होतं. पुण्यात तिनं ज्याला ज्याला विचारलं तो हसला. भोरला आत्याचं घर होतं, आषाढ लागला होता, आणि भोरात चिनीचा गंध नसलेला माणूस सहज मिळेल असा तिचा हिशेब होता. तो बरोबर होता. गंध कुणालाच नव्हता, आणि हवाही नव्हता. चीनची लढाई होऊन काही वर्षं गेली होती, पण लोकांचा राग गेला नव्हता. त्यातून वडिलांनी निघताना बजावलं होतं, "यंदा पास झाली नाहीस तर तुझा चीन बंद आणि बोहलं सुरू."

पहिला प्रयोग तिनं दूध घालायला येणाऱ्या सोनबावर केला.

"सोनबा, माझा एक प्रकल्प आहे. तुम्ही मदत कराल?"

सोनबानं दुधाची किटली खाली ठेवली. हा सगळा धरणांचा मुलूख. "परकल्प? कुनाची जमीन जानार, ताई?"

"जमीन नाही हो. चिनी बोलायला शिकायचं."

"त्यापरास जमीन घ्या," सोनबा म्हणाला. "ह्या बोलीनं माझ्या म्हशी आटत्याल."

दुसरा प्रयोग आत्यावर, म्हणजे कमळाबाईंवर झाला. शैलजा बोट दाखवून चिनी शब्द म्हणायची आणि कमळाबाई प्रेमानं मराठीत उत्तर द्यायच्या. "पाणी गं ते, पाणी. दमलीस होय? बस जरा." मराठी मध्ये येऊ द्यायची नाही म्हणजे कमळाबाईंचं तोंड बंद करायला हवं होतं, आणि ते श्रीपादरावांना लग्न झाल्यापासून जमलेलं नव्हतं.

देवाला मात्र जमलं होतं. आषाढी एकादशी झाली आणि कमळाबाईंचं चातुर्मासातलं मौनभोजन सुरू झालं. पानावर बसलं की बोलायचं नाही. चुकून शब्द गेला तर हात धुवून उठायचं, आणि त्या दिवसाचं जेवण संपलं. हा नेम त्या वर्षानुवर्षं पाळत होत्या, आणि वर्षानुवर्षं चातुर्मासभर अळणी जेवत होत्या. त्या चिमटीनं मिठाची खूण करायच्या आणि श्रीपादराव तपकिरीची डबी पुढं करायचे.

शैलजानं संधी साधली. दुपारी दोघीच जेवायला बसत. ती मिठाचं भांडं उचलून चढत्या सुरात म्हणायची, "येन." भाताकडं बोट करून पडत्या सुरात, "फान." नको म्हणताना पानावर हात आडवा धरून, "पू याव." कमळाबाई ऐकत. मान हलवत. जन्मभर आरत्या म्हणणाऱ्या त्या कानांना चढता-पडता सूर परका नव्हता.

एके दिवशी शैलजा मीठ वाढायलाच विसरली. आमटीही अळणी आणि भाजीही अळणी. कमळाबाईंनी खूण केली. शैलजाचं लक्ष नव्हतं. पुन्हा खूण केली. मग खणखणीत, चढत्या सुरात, अगदी स्वच्छ आवाज आला, "येन!"

कमळाबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. देवानं काही म्हटलं नाही. त्यांनी मीठ घेतलं, घास तोंडात घातला आणि शांतपणे जेवण पुरं केलं.

हात धुतल्यावर शैलजा म्हणाली, "आत्या, बोललीस तू!"

"छे गं. नुसता आवाज गेला तोंडातून. शिंक जाते तसा."

"शिंकेनं मीठ मागता येत नाही. शब्द होता तो."

"तुझ्यासाठी असेल," कमळाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "देवाला कुठं येतंय चिनी?"

शैलजा उद्याच्या शब्दांची यादी काढायला बसली. तिला शिष्या मिळाली होती.

पण कमळाबाईंच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळी त्यांनी शेजारच्या अक्काबाईंना सांगितलं, आणि अक्काबाईंनी गल्लीला. मौनभोजनाचा नेम गल्लीतल्या बऱ्याच जणींचा होता, आणि त्या सगळ्या वर्षानुवर्षांच्या उपाशी होत्या. जेवणाच्या नव्हे, बोलण्याच्या. दुपारी एकेक जण आपापलं ताट झाकून कमळाबाईंकडं येऊ लागली.

"शैलाताई, आमटी पातळ झालीय, हे कसं म्हणायचं?"

"आणि सुनेनं केलीय, हे?"

एका माणसासाठी वणवण करणाऱ्या शैलजाला अख्खी पंगत मिळाली. बायका भराभर शिकल्या. मीठ, ताक आणि लोणचं मागे पडलं आणि पंगत सुना, जावा, नणंदांवर आली. इतकं पवित्र जेवण गल्लीत कधी झालं नव्हतं. ते उन्हं कलेपर्यंत चालायचं. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून काय म्हणायचं असा प्रश्न आला, तेव्हा शैलजानं चिनी बायका घरच्या म्हाताऱ्याला म्हणतात तो शब्द दिला, "लावथौझ."

एका रविवारी श्रीपादराव माजघरात झोपाळ्यावर पडले होते. स्वयंपाकघरातून 'लावथौझ' आलं, मग हसू. पुन्हा 'लावथौझ', पुन्हा हसू. त्यांनी शैलजाला बोलावलं.

"हे लावथौझ कोण?"

"घरातले वडीलधारे, आतोबा."

"मग वडीलधाऱ्याचं नाव घेऊन ठसका का लागतोय सगळ्यांना?"

श्रीपादराव कचेरीत नोकरीला होते. हा अर्ज कुणाकडं करावा हे त्यांना कळत होतं. ते सरळ देवळात पुराणिकबुवांकडं गेले.

इकडं बातमी एसटीनं विंझरला, अक्काबाईंच्या माहेरी पोचली होती. तिथं ती जरा वाढली आणि परतीच्या गाडीनं भोरला आली. भोरात चिनी उतरलेत आणि भरदुपारी बायकांच्या पंगतीला बसतात, एवढी ती झाली होती. दुसऱ्या दिवशी दारात चिमाजी हवालदार उभा.

"हितं चिनी कोन हाय?"

"मी शिकवते," शैलजा पुढं आली.

"दुश्मनाची बोली हाय ती, ताई. कशापायी शिकवता?"

"दुश्मन काय म्हणतो ते कळलेलं बरं, की न कळलेलं?"

चिमाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. हे त्याला पटल्यासारखं वाटलं, आणि पटणं बरं नव्हे असंही वाटलं. "संध्याकाळी देवळात बुवा निवाडा करनार हाईत म्हनं. मीबी यतो तितं."

संध्याकाळी पुराण बाजूला राहिलं. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला श्रीपादराव आणि इतर पीडित नवरे, खांबापाशी चिमाजी. बुवा घसा साफ करून म्हणाले, "प्रश्न साधा आहे. ही जर भाषा असेल, तर ह्या सगळ्या बायकांचं मौन मोडलं. नुसते आवाज असतील, तर नेम शाबूत. शैलाताई, शिकलेल्या तुम्ही. तुम्हीच सांगा."

देवळातली सगळी तोंडं शैलजाकडं वळली. अक्काबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. चिमाजी तर जवळच येऊन कुजबुजला, "नुस्ते आवाज म्हना, ताई. भाषाच न्हाई म्हंजी दुश्मनाची कुठली? मी बी सुटलो, तुमीबी सुटला."

शैलजानं आत्याकडं पाहिलं. आत्या हात जोडून बसली होती. भाषा म्हटलं तर आत्याचा नेम मोडणार, मग ती पुन्हा एक शब्द बोलणार नाही, आणि परीक्षेला न्यायला कुणी राहणार नाही. एक 'आवाज' म्हटलं की गल्लीत शांतता होती, पंगत होती, शिष्या होती.

"भाषा आहे," शैलजा म्हणाली.

"अगं!" अक्काबाई ओरडल्या.

"पुरी भाषा आहे. तिच्यात आया पोरांना निजवतात, शेजारणी भांडतात, म्हातारी माणसं देवाला हाक मारतात. आत्यानं मीठ मागितलं ते शब्दानं मागितलं. कुणाचं जेवण वाचवायला मी त्या शब्दाला शिंक म्हणणार नाही. मग माझं काय व्हायचं ते होवो."

तिचा आवाज चढला नव्हता, पण हनुवटी चढली होती. श्रीपादराव समाधानानं मागे टेकले.

कमळाबाई उठल्या.

"खरं आहे पोरीचं," त्या हळूच म्हणाल्या. "देवाला चिनी येत नाही असं म्हणाले होते मी. त्याला येत नाही अशी भाषा असेल कुठली? चुकले. मोडलं माझं मौन."

"चला, मिटलं," श्रीपादराव म्हणाले. "म्हणजे आता घरात सरळ मराठी."

कमळाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. गाभाऱ्यापुढं जाऊन त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. "नेम मोडला तर दुसरा धरावा. देवा, आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मी मराठी सोडली."

बुवा दचकले. "सोडली म्हणजे?"

"म्हणजे सोडली. बुवा, तुमच्या घरी वांगं सोडतात. ह्यांनी मागल्या साली तपकीर सोडली होती, संध्याकाळपर्यंत. जिच्यावर जीव असेल ती वस्तू सोडावी, हे पुराणात तुम्हीच सांगता. मराठीइतका जीव माझा कशावर आहे?" आणि त्यांनी पाणी सोडलं.

बुवांनी श्रीपादरावांकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, स्मरणातली सगळी पोथी चाळली. "आडकाठी दिसत नाही," ते शेवटी म्हणाले.

तेवढ्यात अक्काबाईंची सून गर्दीतून पुढं आली आणि पदर सावरून म्हणाली, "सासूबाई, तुम्हीही सोडा हो!"

चिमाजी हवालदार टोपी घालून निघाला. "देवाम्होरं पानी सोडलंय," तो बाहेरच्यांना सांगत होता. "आता त्यात सरकार काय करनार?"

दुसऱ्या दिवसापासून कमळाबाईंच्या घरात चिनीखेरीज काही ऐकू येईना. श्रीपादरावांना एकच शब्द येत होता, 'छा', आणि तो चहाच्या जवळचा होता म्हणून आला होता. दोन दिवस त्यांना मागतील तेवढा चहा मिळाला. तिसऱ्या दिवशी ते कचेरीतून आले, सदरा खुंटीला लावला आणि शैलजाच्या समोर मांडी घालून बसले.

"भाताला काय म्हणतात?"

शैलजानं मराठीत उत्तर दिलं नाही. नियम नियम होता. तिनं भाताकडं बोट केलं आणि पडत्या सुरात म्हटलं, "फान."

दसरा झाला. परीक्षा कार्तिकीच्या आत होती. परीक्षेच्या तयारीला शैलजा आधी पुण्याला निघाली. एसटीत चढताना तिला आत्यानं चिनीत एवढंच सांगितलं, "वो लाय." मी येईन.

परीक्षेच्या दिवशी कमळाबाई पहाटे उठल्या. एकटीनं भोर सोडायची ही त्यांची पहिलीच वेळ. श्रीपादराव सोबत यायला निघाले तेव्हा कमळाबाईंनी हात आडवा धरला, "पू याव." श्रीपादरावांनीही हट्ट केला नाही. आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन त्यांनी कंडक्टरला सांगून ठेवलं होतं, "माझं माणूस बसेल. पुण्याचं तिकीट दे आणि काही विचारू नकोस."

कमळाबाईंनी देवापुढं दिवा लावला, साखर ठेवली, नऊवारीचा काष्टा पुन्हा एकदा चाचपला. कडी न वाजवता दार ओढून घेतलं आणि त्या अंधुक उजेडात स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. ओठ हलत होते, चढत्या-पडत्या सुरात.