पारखून घेतलेली डिस्क

मल्हारीनं आयुष्यात एकही जनावर पारखल्याशिवाय घेतलं नव्हतं. आधी दात बघायचे, मग पाठीवर थाप, आणि बैल असला तर चाकं बांधून भरली गाडी ओढायला लावायची. तेव्हा कनेरगाव नाक्यावरच्या कॉम्प्युटरच्या आपल्या दुकानात लेकीनं नवी हार्ड डिस्क बसवली म्हटल्यावर हा माणूस गप्प बसेल होय?

"अंजे, चालवून पाह्यली का?"

"आबा, नवी हाय ती. हिंगोलीच्या हरीशभाऊनं सोता बसवून देली."

"नवा बैलबी नवाच ऱ्हातो. ओझं टाक अंगावर!"

जुनी डिस्क ऐन कामात करकर करत मेली होती, म्हणून अंजलीलाही ते पटलं. शाळेच्या तीनशे चाळीस पोरांची फोटोवाली ओळखपत्रं तिनं नव्या डिस्कवर नुकतीच तयार केली होती. तिनं त्याच फोटोंच्या नकला काढायला लावल्या. नकलांच्या नकला, त्यांच्याही नकला. मशीन दिवसभर धापा टाकत होतं. संध्याकाळी डिस्क गळ्यापर्यंत भरली, पण अडखळली नाही.

"खरं जनावर!" मल्हारीनं कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी कार्डं छापायची होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर न्यायला येणार होते. वेळेवर दिली तर दरवर्षीचं काम अंजलीचं, नाहीतर वाशिमच्या दुकानाचं. सकाळी तिनं मशीन चालू केलं, प्रिंटरमध्ये कागद लावायला वळली, आणि पाठीमागं सुरू झालं... करकर, करकर. कुणी हात लावलेला नाही, अन् लाल दिवा आपला फडफडतोय!

"आबा, जुनी मरताना अशीच वाजत होती!"

तिनं हरीशला फोन लावला. "ताई, कशालाच हात लावू नका, मी आलोच," तो म्हणाला. दीड तासानं तो आला, तोवर करकर चालूच. हरीश खुर्चीत बसला, माऊसला हात लावला, आणि सगळं चिडीचूप.

"कुठं वाजून राहिलं, ताई? काहून पळवलं मला?"

तो चहा प्यायला बाहेर निघाला, की करकर. धावत आत आला, माऊस हलवला, गप्प. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला मल्हारीच्या बायकोनं, सोजराबाईनं, लिंबू-मिरची आणून डब्याला बांधली.

हरीश घाम पुसत म्हणाला, "आता एकच इलाज. सगळं पुसून नव्यानं भरतो."

"अन् माझी कार्डं?"

"ती जातील, ताई. अशा डिस्कवरून काही काढायला गेलं तर मधातच बंद पडंल."

अंजलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती बापाकडं वळली. "झालं समाधान? तुमच्या त्या पारखण्यानंच मारली डिस्क!"

लेकीच्या दुकानाची सगळ्या नाक्याला फुशारकी सांगणारा मल्हारी, आणि त्यानंच ते बुडवलं! तो खाली मान घालून उंबऱ्यावर बसला. समोर कडुलिंबाखाली त्याच्या मेंढ्या पोट भरून बसल्या होत्या, जबडे संथ चालले होते. एक कुत्रं जवळ आलं, तसे सगळे जबडे थांबले. कुत्रं गेलं, जबडे पुन्हा सुरू. मल्हारी ताडकन उठला.

"हरीशभाऊ, हात काढा! अंजे, काल हिला किती चारलं आपण?"

"गळ्यापर्यंत."

"मंग रवंथ करून राहिली ती! मान्सं जवळ गेली की थांबते. सरा भायेर समदे!"

"मामा, ही मशीन हाय, म्हैस न्हाई!" हरीश हसायला लागला.

"व्हय, पन पोट तर हाय ना तिला?" मल्हारी काठी आडवी धरून दारात बसला. "ज्यानं आत पाय टाकला, त्याचा पाय माझा."

काठीपुढं कोण बोलणार? हरीश चिडून शेजारच्या बूथवरून आपल्या नांदेडच्या इंजिनिअरला फोन करायला गेला. अंजली बाकावर नखं खात बसली. दुपार कलली, तशी करकर मंदावली. मग थांबून थांबून. मग एकदम थांबलीच. तेवढ्यात हरीश परत आला, आणि त्याचा चेहरा पार पडलेला.

"इंजिनिअर म्हणतो, मशीन रिकामं बसलं की आतल्या सगळ्या फायलींची यादी करत बसतं. हात लावला की थांबतं. अन् फायली तुमी इतक्या कोंबल्या, की..."

"रवंथच की!" मल्हारी म्हणाला.

अंजली आत धावली. सगळी कार्डं जागच्या जागी होती. प्रिंटर दिवे लागेपर्यंत चालला, आणि सकाळी हेडमास्तरांनी तीनशे चाळीस कार्डं मोजून घेतली, अन् दरवर्षीचं काम तिलाच सांगून गेले. "आबा, चुकलं माझं," अंजली म्हणाली, तर मल्हारीनं डब्यावर पुन्हा एक थाप मारली. सोजराबाई मात्र सगळं श्रेय लिंबू-मिरचीला देऊन मोकळी झाली.

आठवड्यानं नरसी गावचा एक माणूस मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळलेलं मशीन घेऊन नाक्यावर उतरला. अंजली पुढं झाली, तर तो म्हणाला, "तुमी नगं, ताई. हिंगोलीच्या हरीशभाऊनं मल्हारी मामालाच दाखवा म्हून सांगितलं."

मल्हारीनं पागोटं सारखं केलं, डब्याभोवती सावकाश एक फेरी मारली आणि गंभीर आवाजात विचारलं,

"काल काय खाऊ घातलं होतं हिला?"