जिव्हाळ्याची आसनक्षमता

नणंद-भावजयीचं पटतं, यावरच कुणी विश्वास ठेवत नाही. या दोघी तर चक्क एकत्र गात होत्या. नणंद शिवणकाम करायची, भावजय दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची. गाणी नणंदेची, चाली भावजयीच्या. वळण लोकगीतांचं, पण विषय घरचे: न सापडणारा मोजा, घोरणं, ‘आलोच’ म्हणून गेलेला पुरुष. सगळ्या गाण्यांचा नायक एकच, नणंदेचा भाऊ म्हणजे भावजयीचा नवरा. तो खुर्च्या मांडायचा आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचा. गाणी आपल्यावर आहेत, हे त्याला अद्याप कळलं नव्हतं.

पहिला कार्यक्रम शेजारणीच्या दिवाणखान्यात झाला. चाळीस माणसं हसून हसून लोळली. पण त्यांत एक निवृत्त उपसंचालक होते आणि त्यांच्याकडे अध्यक्ष व्हायला संस्था नव्हती. आठवड्यात त्यांनी ‘जिव्हाळा मैफल मंडळ’ स्थापन केलं.

“चाळीस म्हणजे सभा झाली,” ते म्हणाले. “जिव्हाळा हा श्रोत्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो.”

“म्हणजे?” भावजयीने विचारलं.

“म्हणजे वीस.”

झालं! चाळिसांत यायचा ज्यांना कंटाळा आला होता, ते विसांत घुसायला वशिला लावू लागले. वाढती मागणी लक्षात घेऊन मंडळाने क्षमता आठवर आणली, मैफल स्वयंपाकघरात. मग चार, मैफल न्हाणीघरात. दवाखान्याचे डॉक्टर वॉशिंग मशीनवर बसले. भर रंगात त्यांच्या टाचेने बटण दाबलं गेलं आणि शेवटचं कडवं त्यांनी गदागदा हलत ऐकलं.

“इतकं अंगावर येणारं संगीत मी जन्मात ऐकलं नाही,” ते दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेशंटला सांगत होते. तोंड उघडं असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

पुढची मैफल एका श्रोत्यासाठी, कपड्यांच्या कपाटात. मान नगराध्यक्षांच्या सौभाग्यवतींना मिळाला.

“वन्सं, तुमचं कोपर माझ्या षड्जात रुततंय,” भावजय कुजबुजली.

“तू आधी माझ्या पदरावरून ऊठ!”

दुसऱ्या कडव्याला दार उघडलं आणि तिघी हँगरसकट बाहेर आल्या. बाईंनी पडल्या जागेवरून दाद दिली.

त्यानंतर त्या एका आसनासाठी अख्खं शहर भांडू लागलं. कुणालाही डावलणं मंडळाच्या तत्त्वात बसेना. उपसंचालकांनी सर्वांना समान न्याय दिला: क्षमता शून्य.

“मग आम्ही गायचं कुणासमोर?” नणंदेने विचारलं. तिचं नवं गाणं तयार होतं; आजवरचं सगळ्यांत चांगलं.

उपसंचालक दचकले. “गायचं? म्हणजे तुम्ही दोघी आत असणार? बाई, गर्दी होईल!”

रिकाम्या खोलीला समारंभपूर्वक कुलूप लागलं. गैरहजेरीच्या प्रवेशिका तासाभरात संपल्या. दोघी समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते नवं गाणं खुल्या आवाजात म्हटलं. इतकं छान त्या कधीच गायल्या नव्हत्या. उंची कपड्यांतली माणसं लगबगीने जात होती.

“जरा बाजूला व्हा हो,” एक गृहस्थ करवादले. “मैफलीला गैरहजर राहायला उशीर होतोय.”

भावजयीला असं हसू फुटलं की तिचा सूर गेला, मग नणंदेचा गेला, आणि दोघी एकमेकींना धरून खाली बसल्या.

वर्तमानपत्रात परीक्षण आलं: ‘सूर कुठेही लागला नाही, त्यामुळे कुठेही ढळला नाही.’ वाचून गैरहजरांचे डोळे पाणावले. फुटपाथवरच्या गाण्याचा उल्लेख नव्हता. ते फुकट होतं, शिवाय ऐकू येत होतं.

त्या मैफलीला तुम्हीही नव्हता. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही मानाच्या श्रोत्यांत मोडता. कुणी विचारलंच, तर डोळे मिटून नुसतं ‘आहाहा’ म्हणायचं. जमेल तुम्हाला. बऱ्याच ठिकाणी जमलंय की!